थांबवता येते म्हणून थांबवायचे?

ठाण्यातील एका शाळेत आठवीच्या काही पालकांनी सह्या गोळा करून मुख्याध्यापकांकडे अर्ज दिला आहे. वर्गातील एक मुलगा मध्येच घशातून आवाज काढतो, मान झटकतो, खांदा उडवतो. त्यामुळे इतर मुलांचे लक्ष विचलित होते, म्हणून त्याची तुकडी बदलावी आणि परीक्षेला त्याला वेगळ्या खोलीत बसवावे, अशी मागणी त्या अर्जात आहे. मुलाला टुरेट सिंड्रोम असल्याचे निदान झालेले आहे आणि शाळेला ते ठाऊक आहे. हा अर्ज मोबाइलवरून फिरू लागल्यापासून घोडबंदर रोडपासून ऐरोली-कोपरखैरण्यापर्यंतच्या पालकांमध्ये त्यावर वाद चालला आहे. एका बाजूचे म्हणणे असे की, मनात आणले तर हा मुलगा दहा-पंधरा मिनिटे गप्प बसू शकतो हे सर्वांनी पाहिले आहे, मग त्याला शिस्त लावण्यात चूक काय? दुसरी बाजू म्हणते की, बिचाऱ्याच्या हातात काहीच नाही, त्याच्यावर दया करा. माझ्या मते दोन्ही बाजू चुकीच्या जागी भांडत आहेत. टिक्स, म्हणजे असे झटके आणि आवाज, काही काळ दाबता येतात हे अगदी खरे आहे, आणि नेमके म्हणूनच वर्गात त्या दाबायला लावणे अन्यायाचे आहे. मुलगा आहे त्याच तुकडीत राहिला पाहिजे, शिक्षकांनी त्याच्या टिक्सकडे जाणीवपूर्वक दुर्लक्ष केले पाहिजे आणि त्याची व त्याच्या आईवडिलांची संमती असेल तर वर्गाला खरे काय ते सांगितले पाहिजे.

टिक म्हणजे अचानक, क्षणभर आणि पुन्हा पुन्हा होणारी हालचाल किंवा आवाज. डोळे मिचकावणे, नाक ओढणे, तोंड वेडेवाकडे करणे, मान झटकणे, घसा खाकरणे, बारीक चित्कार, कधी एखादा शब्द. सुरुवात बहुधा चौथ्या ते सातव्या वर्षाच्या दरम्यान डोळ्यांपासून होते, दहा ते बारा या वयात जोर सर्वाधिक असतो आणि पौगंडावस्था सरत आली की बहुतेकांचा जोर ओसरू लागतो. शाळकरी वयातील पाचातल्या एका मुलापर्यंत कधी ना कधी अशी एखादी टिक काही आठवडे किंवा महिने दिसते आणि निघून जाते. अनेक हालचाली आणि किमान एक आवाज असे दोन्ही प्रकार वर्षाहून अधिक काळ राहिले, तर त्याला टुरेट म्हणतात. त्याचे प्रमाण शेकड्यात एकाहून कमी असले, तरी दोन हजार पटसंख्येच्या शाळेत अशी दहा-बारा मुले असणे स्वाभाविक आहे, आणि त्यांत मुलग्यांची संख्या मुलींच्या तिप्पट-चौपट असते. शिव्या देणे म्हणजे टुरेट, ही समजूत सिनेमांनी आणि इंटरनेटवरील चित्रफितींनी पसरवली. प्रत्यक्षात दहा-पंधरा टक्के रुग्णांतच ते लक्षण आढळते.

आता त्या ‘मनात आणले तर थांबतो’ या मुद्द्याकडे येऊ, कारण अर्जाचा सगळा भार त्याच्यावर आहे. टिकच्या आधी बहुतेक मुलांना, विशेषतः दहाव्या वर्षानंतर, शरीराच्या त्या भागात एक ताण, हुळहुळ किंवा दाब जाणवू लागतो, टिक झाली की तो क्षणभर सुटतो आणि पुन्हा साठू लागतो. गच्च भरलेल्या लोकलमध्ये दोन्ही हात अडकलेले असताना नाकाला खाज सुटली, तर दिव्यापासून ठाण्यापर्यंत माणूस ती सहन करू शकतो. पण त्या वेळात शेजारी कोण काय बोलले हे त्याला विचारून पाहावे. मुलाने तास शांतपणे काढला, याचा अर्थ त्याने तो तास शिकण्यात काढला असा होत नाही. हालचाल दिसत नाही तेव्हा ती रोखून धरण्याचे काम चालू असते, आणि ते काम ज्या लक्षाने करायचे, तेच लक्ष फळ्याकडे द्यायचे असते.

आमच्या इमारतीतला चौथीतला एक मुलगा संध्याकाळी माझ्याकडे वाचायला येतो. प्राथमिक शाळेत शिकवण्यात माझे आयुष्य गेले, त्यामुळे मुले वाचताना कुठे अडतात याकडे माझे लक्ष आपोआप जाते. त्याची अडचण अक्षरओळखीची नाही. वाचता वाचता त्याचे डोळे वर फिरतात, खाली येतात तेव्हा ओळ हरवलेली असते, आणि तो वरचीच ओळ पुन्हा वाचू लागतो. आता तो ओळीखाली फूटपट्टी धरतो, तरीही मनगटाला झटका बसला की पट्टी सरकते. उभ्या मांडणीच्या बेरजेत दशकाचा आकडा शतकाच्या घरात जाऊन बसतो, कारण आकडा लिहितानाच खांदा उडालेला असतो. वहीच्या एका पानावर पेन्सिल कागद फाडून गेली होती आणि खाली लाल शाईत ‘स्वच्छ लिही’ असा शेरा होता. एकदा मी त्याला म्हटले, की थोडा वेळ थांबवून बघतोस का, तर तो म्हणाला, “थांबवतो ना आजी, पण मग तुम्ही काय सांगितलंत ते ऐकूच येत नाही.” टिक्स असलेल्या मुलांच्या जवळ बसलेल्या कोणालाही हे वाक्य नवे वाटणार नाही. यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे: टुरेट असलेल्या निम्म्याहून अधिक मुलांना अवधान टिकवण्याची अडचण असते आणि बऱ्याच जणांना एखादी गोष्ट ‘बरोबर’ वाटेपर्यंत पुन्हा पुन्हा करण्याची सक्ती जाणवते. गृहपाठाला तीन तास लागतात ते अनेकदा याच कारणाने, आणि वर्गात मात्र सर्वांचे लक्ष फक्त मानेच्या झटक्याकडे असते.

यावर शेजाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो: मग खेळताना का होत नाही? प्रश्न रास्त आहे. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत हाच मुलगा लेझीम पथकात होता. रांगेत उभे राहून वाट पाहताना त्याचा खांदा सारखा उडत होता; हलगी सुरू झाली आणि तलावपाळीपर्यंत तो खांदा लेझमीच्या ठेक्याखेरीज हलला नाही. शेजारच्या काकांनी तिथल्या तिथे निष्कर्ष काढला, की बघा, सगळे नाटक आहे. पण हातापायांना ठरावीक, लयबद्ध, आवडीचे काम मिळाले की टिक्स कमी होतात, हे या विकाराचे सर्वज्ञात लक्षणच आहे. थकवा, काळजी, अतिउत्साह, कंटाळ्याची बैठक यांनी त्या वाढतात, आणि कोणी त्यांच्याकडे लक्ष वेधले तर हमखास वाढतात. ‘मान सरळ ठेव’ असे वर्गासमोर सांगणारा शिक्षक मानेला झटका देण्याचेच निमित्त पुरवत असतो. एखाद्या परिस्थितीत लक्षण नाहीसे होते, म्हणून ते खोटे, हा न्याय आपण दम्याला लावत नाही. मग इथेच का लावावा?

विरोधी बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा मात्र वेगळाच आहे, आणि तो मांडणारे पालक चांगले वाचलेले आहेत. ते म्हणतात, टिक्सवरचा आजचा पहिला उपचार मुलाला टिक रोखायलाच शिकवतो. मग शिक्षकाने तेच सांगितले तर बिघडले कुठे? माहिती खरी आहे. १९७३ साली अझरिन आणि नन या दोन मानसशास्त्रज्ञांनी मांडलेल्या सवय-पालटाच्या पद्धतीवर ही वर्तनोपचाराची रीत उभी आहे. २०१० साली अमेरिकेत १२६ मुलांवर झालेल्या चाचणीत ही रीत वापरलेल्या मुलांपैकी सुमारे ५३ टक्क्यांत ठळक सुधारणा दिसली, तर आधार आणि माहिती मिळालेल्या तुलनेच्या गटात हे प्रमाण सुमारे १९ टक्के होते. २०१९ च्या अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांतही औषधांच्या आधी हाच उपचार सुचवलेला आहे. टिक्स दाबल्या की नंतर दुप्पट जोराने उसळतात, ही आपल्या बाजूच्या लोकांची आवडती भीतीसुद्धा प्रयोगांत टिकलेली नाही, हेही मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. घरी आल्यावर मुलाच्या टिक्स वाढलेल्या दिसतात, त्याचे साधे कारण बहुधा हे, की घरी त्या लपवण्याची त्याला गरज वाटत नाही.

पण त्या उपचारात प्रत्यक्ष काय घडते ते पाहावे. दहा आठवड्यांत आठ बैठका होतात. मूल प्रथम स्वतःची एकेक टिक ओळखायला, तिच्या आधीचा ताण पकडायला शिकते. मग प्रशिक्षित उपचारक त्याच्यासह त्या टिकशी न जुळणारी एखादी सौम्य हालचाल निवडतो. मान झटकण्याच्या जागी हनुवटी किंचित खाली घेऊन मानेचे स्नायू हळूच ताठ धरणे, घसा खाकरण्याच्या जागी नाकाने संथ श्वास. कुठली टिक आधी घ्यायची हे ठरवण्यात मुलाचा वाटा असतो. आणि त्याच उपचाराचा दुसरा अर्धा भाग आजूबाजूच्या मोठ्यांसाठी असतो: टोकणे बंद, चिडवणे बंद, टिक झाली म्हणून कामातून सूट नाही आणि शिक्षाही नाही. म्हणजे ज्या उपचाराचा दाखला देऊन शिक्षकाला ‘थांब’ म्हणायची परवानगी मागितली जाते, त्या उपचाराची एक अट शिक्षकाने ‘थांब’ म्हणू नये हीच आहे. मुलाने स्वतः कमावलेले कौशल्य आणि चाळीस जणांच्या नजरेखाली धरलेला श्वास यांना एकच नाव कसे देता येईल?

या ठिकाणी आपल्याच घरांतला एक इतिहास आठवावा. एका पिढीपूर्वीपर्यंत डावखुऱ्या मुलांना उजव्या हाताने लिहायला लावण्यात कोणालाच काही वावगे वाटत नसे. पाटीवर डावा हात गेला की पट्टी बसे, आणि घरी तो हात ताटाजवळ गेला की आजी डोळे वटारी. या सक्तीचे समर्थनही हेच होते: जमते की! खरोखर जमत असे. कितीतरी मुले उजव्या हाताने लिहायला शिकली, वाईट अक्षर काढत आणि मंद म्हणवून घेत. त्या मुलांना काय जमते हे सर्वांनी पाहिले, त्याची किंमत काय पडली ते कोणी मोजले नाही. आज डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाची तुकडी बदला असा अर्ज कोणी करणार नाही, आणि तो हात बदललेला नाही, आपण बदललो आहोत.

तरीही वर्गातील इतर मुलांचे काय, हा प्रश्न उरतोच, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. मोठा चित्कार हा आवाजच असतो. दहावीच्या उंबरठ्यावरच्या मुलांच्या पालकांना धास्ती वाटली तर त्यांना निर्दय ठरवण्याचे कारण नाही, आणि दाटीच्या वर्गात एकटीने उभ्या असलेल्या शिक्षिकेवर आणखी एक जबाबदारी टाकताना तिचाही विचार केला पाहिजे. परंतु अनुभव असा आहे, की आवाजाची सवय होते. हशा, नक्कल आणि दर वेळी थांबणारा तास यांची होत नाही. रेल्वेमार्गालगतच्या कितीतरी शाळांत दर दोन-चार मिनिटांनी गाडी धडधडत जाते, आणि तिथली मुले मान वर न करता गणित सोडवतात, कारण गाडी गेली की शिक्षक वर्गाकडे रागाने पाहत नाहीत. वर्गाचे लक्ष उडते ते बहुधा टिकमुळे नाही, तिच्यानंतर जे घडते त्यामुळे. आणि तुकडी बदलल्याने काय साधेल? दुसऱ्या तुकडीतही मुलेच आहेत. तिथे तो नवा असेल, काळजीत असेल, त्यामुळे टिक्स वाढतील आणि सहामाहीनंतर दुसरा अर्ज येईल.

मोबाइलविषयी थोडक्यात. या मुलांना फोन दिल्यामुळे हे जडले, असे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यात सत्याचा एक अंश आहे: महासाथीच्या काळात, २०२० नंतर, अनेक देशांत किशोरवयीनांमध्ये, बहुतांशी मुलींमध्ये, टिक्ससारख्या हालचाली अचानक सुरू झाल्या आणि समाजमाध्यमांवरील चित्रफितींशी त्यांचा संबंध दिसला. पण तो वेगळा विकार आहे. तो वयाने उशिरा, एका दिवसात आणि गुंतागुंतीच्या हालचालींनी सुरू होतो. सहा वर्षांच्या मुलाचे डोळे मिचकावणे त्यात बसत नाही. टुरेटमध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, आणि हालचालींची निवड करणारी मेंदूच्या खोल भागातील केंद्रे व मेंदूचे बाह्यावरण यांना जोडणाऱ्या मंडलांत बिघाड आहे, इथवर शास्त्र पोचलेले आहे. रात्री उशिरापर्यंत फोन पाहून झोप मोडली तर टिक्स वाढतील, हे मान्य. तेवढ्याने फोन त्यांचे मूळ ठरत नाही.

मूळ शोधण्याची ही घाई पूर्वी कोणाच्या माथी गेली, हेही पाहण्यासारखे आहे. १८८५ साली पॅरिसमध्ये जॉर्ज जिल द ला टुरेट या तरुण डॉक्टरने नऊ रुग्णांची वर्णने प्रसिद्ध केली, आणि हा विकार घराण्यांत चालत येतो असेच त्याचे मत होते. पुढे मनोविश्लेषणाचा जमाना आला. १९२१ साली सांडोर फेरेंझीने टिक्समागे दडपलेल्या वासना पाहिल्या, आणि त्यानंतर कित्येक दशके या मुलांच्या मनात व घरात दोष शोधला जात राहिला. १९६०च्या दशकात हॅलोपेरिडॉल या औषधाने टिक्स कमी होतात असे दिसले आणि १९६८ मध्ये आर्थर व इलेन शपीरो या दांपत्याने त्या सिद्धान्ताला उघड आव्हान दिले. ते औषध आज दुष्परिणामांमुळे जपूनच वापरतात, पण त्याने मुलांना आणि त्यांच्या आयांना आरोपातून सोडवले, हे त्याचे मोठे काम. आपल्याकडे तो आरोप अजून पुरता मागे घेतलेला नाही. आधी डोळ्यांचा डॉक्टर, मग कान-नाक-घशाचा, खोकल्याच्या बाटल्या, कुणीतरी सुचवले म्हणून दृष्ट काढणे, आणि हे सगळे करून थकलेल्या आईला शेवटी ऐकावे लागते, की तुम्ही फार लाड करता.

राहता राहिला वर्गाला सांगण्याचा प्रश्न, आणि इथे माझे मतभेद मुलाच्या बाजूने बोलणाऱ्यांशीही आहेत. ते म्हणतात, नाव बाहेर फुटू देऊ नका, शिक्का बसेल. बहुतेकांच्या टिक्स पुढे कमी होणारच आहेत. हेही खरे आहे की ढोबळमानाने एक तृतीयांश मुलांच्या टिक्स मोठेपणी जवळजवळ नाहीशा होतात, एक तृतीयांशांच्या बऱ्याच कमी होतात. शिक्क्याची भीती तर आपल्या समाजात निराधार म्हणताच येत नाही. अपस्माराचे वारंवार येणारे झटके विवाहाला बाधा मानणारी तरतूद हिंदू विवाह कायद्यात १९९९ सालापर्यंत होती. कायदाच असे म्हणत असताना घरच्यांनी आजार लपवला तर त्यांना काय दोष द्यावा? पण लपवलेल्या अपस्मारानेच गोळ्या चोरून घेणारे आणि मध्येच सोडणारे रुग्ण निर्माण केले. शिवाय टिक्सच्या बाबतीत लपवण्यासारखे उरतेच काय? मान झटकलेली सर्वांना दिसते, आवाज सर्वांना ऐकू येतो. लपते फक्त त्याचे कारण, आणि त्या रिकाम्या जागी मुले आपापले कारण भरतात: वेडा, मुद्दाम करतो, चिकटेल. नाव आधीच पडलेले असते. त्या नावापेक्षा खरे नाव बरे की वाईट, एवढेच ठरवायचे आहे. अट एकच, की मुलाच्या इच्छेविरुद्ध हे कधीही करू नये, आणि एखाद्या तासाला तो स्वतः वर्गाबाहेर राहू इच्छित असेल तर तेही मानावे. त्याला प्रोत्साहन म्हणून टुरेट असलेल्या प्रसिद्ध गायकांची आणि खेळाडूंची उदाहरणे देण्याचा मोहही आवरावा. वर्गात निवांत बसू देण्यासाठी मुलाने असामान्य असण्याची गरज नाही.

कायदा इथे अर्ध्या वाटेपर्यंत सोबत करतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. टिकसाठी बाकावर उभे करणे त्यातच मोडते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत, पण टुरेट हे नाव त्या यादीत वेगळे दिलेले नाही. त्यामुळे प्रमाणपत्राच्या मार्गाने सवलती मिळवणे या पालकांना अवघड जाते, आणि पुष्कळसे शाळेच्या समजुतीवर सोडलेले राहते. ही समजूत वाढवण्याची साधने आपल्या दोन्ही शहरांत आहेत. ठाण्यात मानसिक आरोग्याच्या कामाची जुनी परंपरा आहे, आणि नवी मुंबई महापालिकेचे दिव्यांग मुलांसाठीचे ईटीसी केंद्र वाशीत चालते. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी शिक्षकांची जी प्रशिक्षणे होतात, त्यांत टिक्सवर एक सत्र ठेवायला नवीन निधी लागणार नाही.

परीक्षेच्या वेगळ्या खोलीला माझा सरसकट विरोध नाही. अनेक मुलांना ती हवी असते. तिथे टिक्स दाबाव्या लागत नाहीत, जोडीला थोडा जादा वेळ मिळाला तर पेपर पुरा होतो. पण ती खोली मुलाने मागितली तर सवलत ठरते आणि इतरांनी मागितली तर हकालपट्टी. अर्जावर सह्या करणाऱ्या कोणीही हा प्रश्न त्या मुलाला विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. मुख्याध्यापकांनी निर्णयाआधी त्याला आईवडिलांसह बोलावून तो विचारावा, तोवर त्याची जागा आहे त्याच बाकावर ठेवावी, आणि त्या वर्गाला शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला लेखी कळवावे, की टिक झाली तर तास थांबवायचा नाही.